ह्यूगो कॅब्रे: न वाचणाऱ्यांसाठी पाचशे पानांचे पुस्तक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला राहणारा माझा सातवीतला भाचा घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नड लिहितो आणि इंग्रजीच्या तासाला रोमन अक्षरांशी झगडतो. तीन लिप्यांच्या या ओढाताणीत त्याला वाचनच नकोसे झाले असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? उन्हाळी सुट्टीत ब्रायन सेल्झनिक यांची ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ (2007) ही कादंबरी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तिची जाडी पाहूनच त्याने तोंड फिरवले. आठवड्याभरात मात्र आम्ही दोघांनी ती संपवली.

याचे श्रेय पुस्तकाच्या घडणीला आहे. पाचशेहून अधिक पानांपैकी निम्म्याहून जास्त पाने पेन्सिलीच्या कृष्णधवल रेखाटनांनी भरलेली आहेत, आणि ती मजकुराची शोभा वाढवण्यापुरती नाहीत. शब्द जेथे थांबतात, तेथून गोष्ट चित्रांच्या हाती जाते. आरंभीचा चंद्र, मग पॅरिस, मग रेल्वे स्थानक, मग गर्दीतून निसटून भिंतीआड शिरणारा मुलगा, हे सारे एकही वाक्य न वाचता उलगडते आणि वाचायला नाखूश असलेले मूल पाने उलटत कितीतरी पुढे जाऊन पोहोचलेले असते. एरवी लहानग्यांच्या चित्रपुस्तकांना मिळणारे कॅल्डेकॉट पदक 2008 साली या कादंबरीला मिळाले, ते याचमुळे.

कथा 1931 सालची आहे. स्थानकातील घड्याळांना चोरून चावी देणारा अनाथ ह्यूगो, वडिलांच्या मागे उरलेला मोडका यांत्रिक माणूस आणि खेळण्यांच्या दुकानातला तुसडा म्हातारा, एवढेच सांगतो. लोंढा-मिरज मार्गावरच्या गाड्या पाहत वाढलेल्या माझ्या भाच्याला स्थानकाची ओळख करून द्यावी लागली नाही.

उत्तरार्धात मूकपटांचा इतिहास येतो, तेथे मजकूर वाढतो आणि वेग मंदावतो. ही पाने मी मराठीत सांगितली. जादूचे प्रयोग करणारे दादासाहेब फाळके सिनेमाकडे कसे वळले, हेही ओघाने आले, आणि ते इथे अगदी चपखल बसते, कारण पुस्तकात ज्यांच्या मूकपटांची गोष्ट येते ते जॉर्ज मेलिएस हेही आधी जादूगारच होते.

पुस्तक छापील स्वरूपातच घ्यावे. दोन पानांवर पसरलेले चित्र मोबाईलच्या पडद्यावर आक्रसते, आणि पान उलटल्यावर काय दिसेल ही उत्सुकताच नाहीशी होते.