एकटीनं पाळलेलं पेगन ऋतुचक्र, लातुरातून: ऑक्टोबर ते ऑगस्ट वापरल्यानंतर

मेणबत्त्यांपासून सुरुवात करते, कारण पैसे तिथेच जास्त जातात. आठ रंगांच्या मेणबत्त्या, सुक्या पाल्याच्या छोट्या बाटल्या, तळहातावर मावेल एवढी लोखंडी कढई आणि एक पातळ इंग्रजी पुस्तिका, असं मी घेतलेलं हे पेगन विधींचं किट. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिल लागला तशा कपाटातल्या मेणबत्त्या वाकल्या आणि एकमेकींना चिकटल्या. हिरवी आणि पिवळी तर वेगळी काढताच आली नाही. तेव्हापासून पितळी दिवा आणि करडईचं तेल. करडई आपल्याकडंच पिकते, घाण्यावर मिळते आणि उन्हाळ्यात वितळायचा प्रश्न नाही. कढई मात्र चांगली निघाली, तिच्यात मी ऊद जाळते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विका, म्हणजे निसर्गपूजा आणि जादूविधी मानणारा एक आधुनिक पाश्चात्त्य पंथ, आणि त्याच्या आसपासचे पेगन लोक वर्षाचे आठ सण पाळतात: साविन, यूल, इम्बोल्क, ओस्टारा, बेल्टेन, लिथा, लामास आणि मेबन. त्यातले चार सूर्याचे, म्हणजे दोन अयनदिन (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस) आणि दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे). बाकीचे चार त्यांच्या मधोमध. गटात करणारे करतात, पण ही पुस्तिका एकट्यानं करणाऱ्यांसाठी आहे. मी साविनला, ३१ ऑक्टोबरला सुरुवात केली. आता मेबन तेवढा राहिलाय.

हे चक्र हजारो वर्षांपूर्वीपासून जसंच्या तसं चालत आलंय, असा पुस्तिकेचा सूर आहे. तो सोडून द्या. सुटे सण जुने आहेत, पण आठही एका चाकात बसवले गेले ते विसाव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये, विका पुढं आणणारा जेराल्ड गार्डनर आणि त्याच्या भोवतालच्या मंडळींत. तिथला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर ही माणसं उघड बोलू लागली. ‘मेबन’ हे नाव तर १९७०च्या दशकात अमेरिकेत दिलं गेलं. मला हे वाचून हायसंच वाटलं. त्यांनी आपल्या हवेप्रमाणे जुळवलं असेल, तर लातूरच्या हवेप्रमाणे हलवायला कुणाची परवानगी कशाला?

हलवावं तर लागतंच. यूलच्या विधीत सगळा भर अंधारावर आहे. लंडनला २१ डिसेंबरचा दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, तिथं सूर्याला परत बोलवावंसं वाटणं समजू शकतं. आपला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास. ‘हे सूर्या, परत ये’ म्हणताना मला हसू आलं; तो गेलाच कुठं होता? इम्बोल्कला, १ फेब्रुवारीला, पुस्तिका म्हणते की गोठलेल्या मातीखाली बी जागं होतंय. आमच्या शिवारात तेव्हा हुरडा संपत आलेला आणि हरभरा काढणीला. ओस्टाराला इच्छा मनात धरून कुंडीत बी पेरायचं. मार्च अखेरच्या उन्हानं कोंब करपवले. बेल्टेनला मोठी आग पेटवायची, पूर्वी दोन आगींमधून गुरं न्यायचे म्हणे. १ मेला, कडब्याच्या गंज्या उभ्या असताना आमच्याकडं उगाच काडी ओढणाऱ्याला चारचौघांत शिव्या बसतील. लामास हा नव्या गव्हाच्या पावाचा सण, १ ऑगस्टचा. आपल्याकडं तेव्हा सोयाबीन फुलात, घरात जुनंच धान्य, आणि यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं तो दिवस पडला आषाढात. मी आखाड तळला. गूळ घातलेल्या पुऱ्या पावापेक्षा बऱ्या.

विषुवदिनाची दिवस-रात्र तेवढी सगळ्या जगाला जवळपास सारखी, तिच्याबद्दल तक्रार नाही.

लिथापाशी मात्र गंमत झाली. २१ जून, सूर्य सर्वांत उंच, असं पुस्तिका सांगते. लातुरात तसं नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळं सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. शून्य सावलीचा दिवस तो हाच. २१ जूनला तर भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडं कललेला असतो. मग मी सूर्याचा विधी मेमध्येच केला: गच्चीवर तांब्या उभा ठेवला, सावली त्याच्या बुडाखाली शिरेपर्यंत थांबले आणि त्यातलं पाणी तुळशीला घातलं. पुस्तिकेत विधीनंतर पाणी जमिनीवर सोडायला सांगितलंय. ज्या गावाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं मे महिन्यात पाणी ओतून देणं माझ्या हातून होणार नाही.

आणि २१ जूनचं काय? तर त्याच सुमारास आर्द्रा लागतात. हे लक्षात आलं आणि पुढचं सगळं सोपं झालं. आपले तिथीचे सण अधिक महिन्यानं पुढं-मागं होतात, पण शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. मिरग ७-८ जूनलाच निघतो, अधिक महिना असो वा नसो. म्हणजे हे विलायती चाक आणि आमच्या वडिलांच्या तोंडचं मिरग-आर्द्रा-हस्त एकाच सूर्यानं फिरतंय. मी पुस्तिकेच्या मागं तेरा-तेरा, चौदा-चौदा दिवसांची नक्षत्रं लिहून काढली आणि विधी त्यांना बांधले. बी पेरायचा स्पेल, म्हणजे इच्छा धरून करायचा तो विधी, मिरगात नेला. यावेळी कोंब तगले. (पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक की उंदीर हेही बघते. पावसाचा अंदाज म्हणून नाही, आवडतं म्हणून.)

बाटल्यांतल्या पाल्याबद्दल: घेऊ नका. रोझमेरीला वास उरला नव्हता. पांढरा सेज कॅलिफोर्नियाकडचा, तिथल्या आदिवासींच्या विधींतला. इंग्लंडच्या सणांशी त्याचा संबंध नाही, आपल्याशी तर नाहीच. मगवर्ट मात्र विचार करण्यासारखी वनस्पती आहे, कारण आपला दवणा तिचाच भाऊबंद, दोन्ही आर्टेमिसिया जातकुळीतले. चैत्रात दवणा देवाला वाहतातच. आमच्या गंजगोलाई बाजारात काष्ठौषधीवाल्याकडं ऊद, ओवा, वाळा, सगळं किटच्या निम्म्याहून कमी पैशात झालं. किटमध्ये झाडू नाही, पण विधीत जागा झाडून घ्यायला सांगितलंय. लक्ष्मीपूजनाला पूजलेली शिंदीची केरसुणी घरात असताना वेगळी घ्यायची गरजच नव्हती.

आता लोकांचं. ‘स्पेल’ म्हटलं की आपल्याकडं डोळ्यांपुढं करणी येते, आणि येणं साहजिक आहे. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे आणि तो असावाच. माझे नियम असे: उंबऱ्याबाहेर काही ठेवायचं नाही, लिंबू-बाहुली-टाचणी तर नाहीच, दुसऱ्यासाठी करायचं नाही, कुणाचं दुखणं बरं करते म्हणायचं नाही आणि पैसा घ्यायचा नाही. एवढं पाळलं तर उरतं ते दिवा लावून गप्प बसणं. तरी आर्द्रा लागल्या त्या रात्री मालकीणकाकू गच्चीवर आल्याच.

“काय गं माय, एकटीच दिवा लावून काय करायलीस?”

“पावसाला दिवा दाखवायले, काकू.”

काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. “मंग अजून एक लाव. आमच्या बी रानात न्हाई पडला.”

मी लावला. ‘दुसऱ्यासाठी करायचं नाही’ हा नियम तिथं मोडला म्हणा हवं तर.

स्पेल लागू पडतात का? बदलीसाठी केलेल्या स्पेलचा बदलीवर काहीही परिणाम झाला नाही, अर्ज आहे तिथंच आहे. झोपेसाठीचा, म्हणजे दिवसभराची कटकट कागदावर लिहून कढईत जाळायचा, तो उपयोगी पडतो. त्यात जादू किती आणि लिहिणं किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मला या सगळ्यात खरी धरून ठेवणारी गोष्ट ऋतू नाहीत. ऋतूंचं आपल्याकडं काही कमी नाही. यूलच्या दोन दिवस आधी येळवस होती, म्हणजे वेळ अमावास्या, रानात जाऊन पूजा करायचा आमच्याकडचा सण. भावाच्या रानात कडब्याची कोप, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, उंडे, खीर, माठातली आंबील. पिकावर आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणत शिवाराला फेरा, संध्याकाळी पेटता हेंडगा. ऋतूचा विधी याहून भरघोस कुठला असणार? पण येळवस एकट्यानं होत नाही. तिला गणगोत लागतं, जोडपं लागतं, हातात बांगड्या असलेली बाई लागते. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई तिथं भज्जी ढवळते आणि पंगत वाढते. कुणी काही बोलत नाही, पण पूजेच्या वेळी हाक दुसरीला जाते.

म्हणून साविनचं मूक जेवण मला भिडलं. गेलेल्या माणसासाठी एक ताट वाढायचं, समोर बसायचं आणि जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, एवढाच विधी. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. आजीसाठी ज्वारीची भाकरी केली, ठेचा, वर तेलाची धार. ती भाकरी मोडायच्या आधी कड चाचपून बघायची. माझी कड त्या दिवशी जाडच झाली होती. आजीचं श्राद्ध दर वर्षी पितृपक्षात होतं. भाऊ घालतो. स्वयंपाक आम्ही करतो आणि कावळा शिवेपर्यंत मागं उभ्या राहतो. तिनं मला वाढवलं, पण तिच्यासाठी काही करायला मी पहिल्यांदाच पुढं बसले होते. भटजी नाही, मुहूर्त नाही, कुणाला विचारणं नाही. अर्ध्या तासानं उठले, ताटातली भाकरी सकाळी गाईला घातली.

हे पितृपक्षात का केलं नाही, असं बहिणीनं विचारलं. करता आलं असतं, पण तेव्हा घर भरलेलं असतं. ३१ ऑक्टोबर आमच्याकडं कुणाचाच नाही, म्हणून तो माझा झाला.

तर घ्यावं का? किट घेऊ नका. पुस्तिका सुटी मिळाली तर घ्या. साविन, यूलची रात्र आणि कागद जाळायचा विधी एवढी पानं वसूल आहेत, बाकीच्या तारखांवर सरळ काट मारा. घरचं माणूस धास्तावणारं असेल तर आधी त्याला बसवून एकदा सगळं दाखवा, दार लावून केलेल्या गोष्टींवर गाव जास्त बोलतं. आणि पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, तुमची नक्षत्रं तीच असली तरी पाऊस तो नाही, माझी यादी उतरवून घेऊ नका.

मेबन २३ सप्टेंबरच्या आसपास आहे. सुगीबद्दल आभार मानायचा सण, आणि आपली तर रब्बीची ज्वारी तेव्हा पेरायची असते. मी तो हस्तावर ढकलतेय. भावाला सांगून ठेवलंय, पाभर लागेल त्या दिवशी मूठभर बी माझ्या हातानं सोडू दे. ‘ये की’ म्हणाला.