चिपचे पैसे घेतले, चिप बसवलीच नाही

आमचा जुना कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यायचे एका हार्डवेअरवाल्याने किती लावले, तो हिशेब आधी वाचा. टीपीएम चिप ३,८००. बायोस अपडेट १,२००. रॅम आठ जीबी २,४००. एसएसडी ५१२ जीबी, नवी, ३,९००. विंडोज ११ ओरिजिनल ४,५००. मजुरी ८००. एकूण १६,६०० रुपये. हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं, खाली सही नाही, शिक्का नाही, जीएसटी नंबर तर नाहीच. यातली मजुरीची ओळ तेवढी खरी निघाली. माणूस दुपारभर बसला होता, हे मान्य करायला हवं.

आमचं सांगलीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची प्रगतिपुस्तकं, मयताची पत्रं. कॉम्प्युटर २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय थ्री, सोबत आलेलं विंडोज ८.१ पुढे फुकटात १० झालं होतं. मशीन म्हातारं, पण कोरल आणि फॉन्टचं डोंगल मुकाट्याने चालवणारं. दिवाळीआधी स्क्रीनभर सूचना यायला लागल्या, की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. ती सूचना मायक्रोसॉफ्टचीच होती, अगदी खरी. आणि या फसवणुकीची सगळी मेख तिथेच आहे. सूचना खरी असल्यामुळे तिच्या पाठोपाठ आलेली थापही खरी वाटते.

सपोर्ट संपणं म्हणजे काय, तर त्या तारखेनंतर सुरक्षेचे मोफत अपडेट येणं थांबतं. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, फायली उघडतात, प्रिंट निघते. धोका हळूहळू वाढतो, कारण नव्याने सापडलेल्या फटी कोणी बुजवत नाही. आमच्या हार्डवेअरवाल्याने मात्र वेगळंच सांगितलं. "वहिनी, चौदा तारखेनंतर बँकेचं पान उघडणार नाही, जीएसटी पोर्टल उघडणार नाही, प्रिंटर तर ओळखणारच नाही. दिवाळीच्या जाहिराती कुठे करणार?" पुढे तुळशीचं लग्न आणि त्यामागून पत्रिकांचा मोसम. दुकान चालवणाऱ्याला एवढं पुरतं. माणूसही ओळखीचा, यूपीएसची बॅटरी असो की प्रिंटरचा ड्रम, आम्ही त्यालाच बोलवायचो.

त्याने खिशातून एक हिरवी पट्टी काढून दाखवली. बोटाच्या पेराएवढी, एका बाजूला पिना बसायची भोकं. "ही टीपीएम चिप. ही नसेल तर अकरा पडतच नाही." आता यातही अर्धं खरं आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप, लागतं, ही अट मायक्रोसॉफ्टने २०२१ पासूनच घातली आहे. सोबत सिक्योर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) जमणारं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बायोसचं नवं रूप, किमान चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. पण मुख्य अट प्रोसेसरची आहे, आणि तिच्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मान्य यादीत आहेत, थोडे अपवाद सोडले तर. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणजे ती चिप सोन्याने मढवून बसवली असती तरी हे मशीन यादीत आलं नसतं.

आणि ज्यांचं मशीन यादीत बसतं, त्यांना बहुतेक वेळा चिप विकत घ्यावीच लागत नाही. आठव्या पिढीनंतरच्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये ती सोय आतच असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असू शकते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीवर एफटीपीएम. एक पर्याय चालू करायचा, सेव्ह करायचं, संपलं. याचे कोणी तीन-चार हजार मागत असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

त्याने केलं ते असं. इंटरनेटवर रूफस नावाचं मोफत साधन आहे, त्याने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवता येतो. त्यात एक खूण केली की टीपीएम, सिक्योर बूट आणि रॅमची तपासणी गाळली जाते. अशा पेनड्राइव्हने जुन्या मशीनवरही अकरा बसतं. स्वतःच्या जबाबदारीवर, परिणाम माहीत असताना कोणी हे केलं तर तो त्याचा प्रश्न. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ज्या सुरक्षेसाठी खर्च केला, तिथेच भोक. आणि वर चिपचे पैसे.

स्क्रीनवर नवं रूप आलं, मध्यभागी आयकॉन आले, आम्ही खूश. दहा हजार यूपीआयने दिले, उरलेले रोख. महिना-दीड महिना गेला आणि डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, फिकट इंग्रजी अक्षरं उमटली. अर्थ असा, की या मशीनमध्ये आवश्यक गोष्टी नाहीत, माहितीसाठी सेटिंग्ज पाहा. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा पत्रिकेचा मजकूर घेऊन आला होता, त्याने ते वाचलं. "आत्या, चिप बसवलीय म्हणालीस ना? मग हे कसं आलं?"

त्याने विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबलं, चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं. उत्तर आलं की सुसंगत टीपीएम सापडत नाही. मग टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा पाहिला. आधी आठ जीबी होती, तिच्यात आठ वाढून सोळा व्हायला हवी. आठच.

मग कॅबिनेट उघडलं. दुकान रस्त्याला लागून, त्यामुळे आत धूळ अशी साचलेली की बोटाने नाव लिहावं. त्या धुळीने आख्खी साक्ष दिली. एसएसडीच्या केबलजवळ बोटांचे ठसे होते, तेवढंच. रॅमच्या दोन्ही पट्ट्या आमच्याच, जुन्या, चार-चारच्या, त्यांच्या खटक्यांवर धुळीचा थर जसाच्या तसा. बोर्डावर रॅमच्या खाचाच दोन, म्हणजे जुनी पट्टी न काढता आठ जीबी वाढवायला जागाच नव्हती. टीपीएमसाठी बोर्डावर पिनांची एक जागा असते, तिच्यावर कोळ्याचं जाळं. दाखवलेली ती हिरवी पट्टी बहुधा गावभर अशीच दाखवत फिरत असेल.

एसएसडी बसवली होती खरी. पण ५१२ ऐवजी २४०, आणि नवी तर मुळीच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ती एकूण किती तास चालली आहे ते कळतं. आकडा १९,००० तासांच्या वर. म्हणजे अखंड चालू ठेवली तरी दोन वर्षांहून जास्त वापरलेली, कुठल्यातरी ऑफिसच्या मशीनमधून निघालेली.

सगळ्यात चीड आणणारा भाग 'ओरिजिनल विंडोज'चा. आमच्या मशीनवर विंडोज १० चं अस्सल डिजिटल लायसन्स होतं, ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. अस्सल १० वरून ११ वर जायला मायक्रोसॉफ्ट पैसे घेत नाही. तेच लायसन्स चाललं असतं. पण ते होम आवृत्तीचं, आणि याने सवयीने प्रो टाकलं, त्यामुळे जुळलं नाही. मग याने चोरटं ॲक्टिव्हेटर चालवलं, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज अस्सल असल्याचं भासवणारं साधन. ते कळलं असं. कमांडच्या चौकटीत एसएलएमजीआर, जागा सोडून स्लॅश एक्सपीआर लिहिलं की ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की मुदतीचं ते कळतं. आमचं मुदतीचं निघालं. मोठ्या कंपन्यांच्या पद्धतीचं हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, आणि ही चोरटी साधनं मागच्या दाराने ते पुन्हा पुन्हा वाढवत राहतात. त्यासाठी विंडोजच्या अँटीव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, यादीत एक फोल्डर 'इथे तपासू नको' म्हणून घातलेलं होतं. चोराला आत घेऊन कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधावं, तसा प्रकार. याच मशीनवरून आम्ही जीएसटी भरतो, बँकेचं काम करतो. त्या रात्री सगळे पासवर्ड फोनवरून बदलले.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. पलीकडून शांत आवाज. "वहिनी, चालतंय न्हवं? मग चिप दिसली काय आणि न दिसली काय." पुढे म्हणाला, चिप बसवली होती, नंतर कुणीतरी काढून नेली असेल. कोळ्याच्या जाळ्यातून काढली का, असं मी विचारल्यावर फोन ठेवला.

पाठकोऱ्या कागदाचा, उघड्या कॅबिनेटचा आणि स्क्रीनवरच्या संदेशांचा फोटो, यूपीआयची नोंद, असं सगळं जोडून त्याला लेखी पत्र पाठवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि ते पत्रात लिहिलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, हेही लिहिलं. त्यानंतर चिप आणि विंडोज या दोन ओळींचे ८,३०० रुपये परत आले, म्हणजे बरोबर निम्मे. बाकीचे देत नाही म्हणतो, आणि पक्कं बिल नाही म्हणून त्याचा आवाज अजून चढा आहे.

आमच्याच एका गिऱ्हाइकाची गोष्ट जाता जाता. निवृत्त शिक्षक. त्यांनी सेलमध्ये जुना लॅपटॉप घेतला, 'आय फाइव्ह, विंडोज ११ रेडी' म्हणून. हाताजवळचा स्टिकर चकचकीत, आत प्रोसेसर आय फाइव्ह ४३००यू. आय फाइव्ह म्हटलं की काही कळत नाही, पिढी पुढच्या आकड्यात असते. ४३००यू म्हणजे चौथी, ८२५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. स्टिकर बाजारात सुटे मिळतात, म्हणून सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये लिहिलेलं नाव वाचा. मशीनवर अकरा चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक फुकट आहे, ते चालवून दाखव म्हणावं. विकणारा टाळाटाळ करायला लागला की उठायचं.

पार्ट बदलताना समोर बसा, काढलेला पार्ट परत मागा, नव्या पार्टचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी टास्क मॅनेजर उघडून आकडे बघा, तो गेल्यावर नव्हे.

आमच्या मशीनवर भाच्याने सगळं पुसून विंडोज १० होम पुन्हा टाकलं. इंटरनेट जोडताच ते जुन्या लायसन्सवर आपोआप ॲक्टिव्हेट झालं, एक पैसा न देता. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तीस डॉलर भरता येतात, पण मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट होते. आमची तशीच झाली. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर खरं तर एवढंच करायचं होतं. नवं मशीन पुढच्या मोसमाच्या आत घ्यायचं ठरवलंय, आणि दुकानदाराला पहिला फोन केला तेव्हा प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारला. तो म्हणाला, "आय फाइव्ह आहे मॅडम, लेटेस्ट." मी दुसऱ्या दुकानाचा नंबर फिरवला.