स्टेनलेस सायलेन्सर बसवून पावसाळा काढला: स्विफ्टचा वापरानंतरचा अनुभव

गाडी बीएस-6 स्विफ्ट, 1.2 पेट्रोल, पाच गिअर. फॅक्टरीचा मागचा सायलेन्सर शिवणीवर सडून फाटला. तोच तुकडा नवा घेण्याऐवजी कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा पूर्ण संच 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा बसवला. किटच्या पैशात कंपनीचे मागचे सायलेन्सर किमान चार तरी आले असते. हा हिशोब डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण माझा सूर तिथूनच येतो.

ताकदीचा विषय आधी संपवतो. 83 पीएसच्या इंजिनात दोन-तीन घोडे वाढले तरी खूप झालं, आणि तेवढे चालवताना कळत नाहीत. बीएस-6 पेट्रोल गाड्यांत कॅट इंजिनाला चिकटूनच असतो. मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा पाइप) तोच, कॅट तोच, एअर फिल्टरचा डबा तोच, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग तेच. म्हणजे जिथे खरोखर अडतं ते सगळं जागच्या जागी आणि आपण मोकळं करतो शेपूट. "पिकअप वाढला" म्हणणाऱ्यांना आवाज वाढलेला ऐकू येत असतो. मायलेज जैसे थे. पाइप दोन इंची घ्या. अडीच इंची पाइप बाराशे सीसीला नुसता शोभेचा: गॅसचा वेग पडतो, आवाज घोगरा होतो आणि पाइप आणखी खाली लोंबतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर मोजमाप न घेता बांधलेले असतात, हे वेगळं सांगायला नको.

आवाज गावात छान आहे. मऊ, भारदस्त, कर्कश अजिबात नाही. पण पाचव्या गिअरमध्ये 80-90 च्या वेगाला, साधारण 2,500 आरपीएमवर, केबिन घुमते. चार सिलिंडरचं इंजिन त्या आरपीएमला सेकंदाला 83 धक्के देतं आणि नेमका तो सूर मागच्या डिकीत भरून राहतो. एक्स्प्रेसवेवर गाडी सर्वांत जास्त वेळ याच पट्ट्यात असते. उपाय म्हणून बंद तोंडाचा जोडपाइप लावतात. तो त्या सुराच्या तरंगलांबीच्या पावपट लागतो, म्हणजे गरम गॅसमध्ये सव्वा मीटरच्या आसपास. स्विफ्टच्या पोटाखाली एवढी लांबी कुठून आणणार? डिकीच्या तळाला डॅम्पिंग शीट चिकटवल्या तर थोडा फरक पडतो, थोडाच.

हे परीक्षण पावसाळ्याआधी लिहिलं असतं तर घुमणं सोडून बाकी सगळ्याला चांगले गुण दिले असते. आता मुद्दा एकच उरला आहे, तो पाण्याचा. आणि तो सुटतो तीन मिलिमीटरच्या एका भोकाने, जे या किटमध्ये नव्हतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटरच पाणी तयार होतं. इंजिन आणि पाइप तापलेले असले तर ते वाफ होऊन निघून जातं. पण मागचा सायलेन्सर इंजिनापासून सर्वांत लांब, त्यामुळे तापतो सर्वांत शेवटी. कोथरूड ते डेक्कन एवढाच रोजचा फेरा असेल तर त्याचा पत्रा पन्नास-पंचावन्न अंशांवर जाईपर्यंत गाडी पार्किंगला लागलेली असते. पत्रा त्याहून थंड असेल तर वाफेचं पाणी होतं आणि तळाशी साचतं. गॅसमधली आम्लं त्यात उतरतात, आणि सायलेन्सर आतून बाहेर सडत येतो. बाहेरून चकाचक दिसणारा सायलेन्सर एक दिवस अचानक शिवणीवर फाटतो तो यामुळे. रस्त्यावरच्या पाण्याचा त्यात वाटा कमी.

कंपनीला हे ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ फॅक्टरी सायलेन्सरांना तळाशी सर्वांत खालच्या जागी बारीक भोक ठेवलेलं असतं. गॅरेजमध्ये "गळतंय" म्हणून तेच भोक वेल्डिंगने बुजवतात, वर त्याचे पैसेही घेतात! तुमच्या गाडीचं भोक अजून उघडं असेल तर बारीक तारेने मोकळं करून ठेवा. या एका कामाने जेवढा फायदा होईल तेवढा अख्ख्या किटने होत नाही.

स्टेनलेस आहे, मग पाणी साचलं तर बिघडलं कुठे, असं विक्रेते म्हणतात. बिघडतं ते असं: आफ्टरमार्केट (कंपनीचा नसलेला, बाहेरून घेतलेला) सायलेन्सर बहुतेक सरळ जाळीचा असतो, जाळीभोवती काचतंतूंचं भरण. आवाज तेच शोषतं. पाणी त्या भरणात मुरतं. सकाळी गाडी सुरू केली की आवाज दबका, फुसफुसता, वाफेचे लोट, वर कुबट वास. पाच-सात किलोमीटर दामटली की ताळ्यावर येते. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. ओलं-सुकं होत राहिलं की भरणाचा भुगा होतो, तो जाळीतून उडून जातो आणि सायलेन्सर महिन्यागणिक मोठ्याने बोलायला लागतो. (पांढरी वाफ सकाळपुरती असेल तर घाबरू नका. गाडी तापल्यावरही राहिली आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा. पुढच्या बाजूला खाली टपकणारं पाणी एसीचं असतं, त्याचा इथे संबंध नाही.)

भोक पाडण्याची पद्धत. गाडी रोज जिथे लावता त्याच उतारावर उभी करून सायलेन्सरचा सर्वांत खालचा बिंदू खडूने खुणा. वेल्डपासून दोन सेंटिमीटर तरी लांब राहा. सेंटर पंच मारा, 3 मिमीचा कोबाल्ट ड्रिल बिट लावा, वेग कमी, दाब जास्त, सोबत कटिंग ऑइल. बोथट बिट जोरात फिरवला तर 304 चा पत्रा तिथल्या तिथे कडक होतो आणि मग नवा बिटही नुसता घसरतो. पत्रा पार झाला की थांबा. बिट आत घुसवला तर भरण गुंडाळून बाहेर येतं. भोक पाच-सहा मिमीचं केलंत तर शिट्टी वाजेल आणि बंपरखाली काजळी धरेल. या भोकानंतर सकाळचा फुसफुसाट जवळजवळ गेला. मत तेवढ्यापुरतं सुधारलं. तरीही एवढ्या पैशात ड्रिल आपण मारायची, हे काही पचत नाही.

बसवण्याबद्दल. नट-बोल्टला गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवा, नाहीतर बोल्ट तुटतो आणि मजुरी वाढते. सांध्यातली ग्राफाइट रिंग नवीनच घाला. स्प्रिंगचे बोल्ट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळू नका; इंजिन हलतं तेव्हा तो सांधाही हलला पाहिजे. रबर हँगर साबणाच्या पाण्याने सहज निघतात. पुढून मागे सगळं हाताने घट्ट करा, सरळ रेषेत आणा, मग पाना लावा. वीस मिनिटं इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा आवळा.

एक गोष्ट फिटर विसरतात. 304 स्टेनलेस साध्या लोखंडी पाइपपेक्षा जास्त फुगतं. अडीच मीटरचा पाइप 300 अंशांनी तापला तर साधारण 13 मिमी लांब होतो. थंड असताना टोक बंपरला चिकटून बसवलं तर चढावर खडखडाट होणार आणि प्लॅस्टिक वितळणार. चारही बाजूंनी बोटभर जागा ठेवा. सांधा गळत असेल तर पीयूसीलाही रडगाणं होतं: बाहेरची हवा मिसळते आणि लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) वर जातो. तपासायला थंड इंजिन सुरू करून मागचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा.

चुंबक चिकटत नाही म्हणजे 304, यावर विसंबू नका. 202 या स्वस्त स्टेनलेसलाही चिकटत नाही. फॅब्रिकेशनवाल्यांकडे थेंब टाकून बॅटरीने तपासायचं द्रावण असतं. 202 असेल तर डाग लाल होतो. पैसे देण्याआधी तपासा, विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजाच्या मर्यादेचा भंग झाला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. पोलिसांनी बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. गाडीला चार चाकं आहेत म्हणून सूट मिळत नाही. वॉरंटी चालू असेल तर एक्झॉस्टचा दावा विसरा. कॅट काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला कोणी दिला तर तिथून निघा: मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे पी0420 (कॅट नीट काम करत नसल्याचा) कोड येतो, चेक इंजिन दिवा पेटतो आणि पीयूसी नापास.

घ्यायचा कोणी? फॅक्टरीचा सायलेन्सर शाबूत असेल तर कोणीच नाही. तो फुटलाच असेल, गाडी आणखी दहा वर्षं ठेवायची असेल आणि हायवेवर फारसं जायचं नसेल, तर विचार करा. तेव्हाही विक्रेत्याला आधी विचारा की पाण्याचं भोक आहे का. "भोक कशाला?" असं उलट विचारलं तर दुकान बदला. जुना संच भंगारवाल्याला देऊ नका. मधला पाइप बहुधा ठणठणीत असतो, आणि गाडी विकताना किंवा पंधरा वर्षांनी आरटीओत पुनर्नोंदणीला नेताना तोच लागेल. आतलं पाणी काढा, तोंडं प्लॅस्टिकने बांधा आणि माळ्यावर उभा ठेवा.