ऊस लावावा की द्राक्षबाग धरावी?

तासगावकडच्या माझ्या मावसभावाच्या रानात पाणी आलं, तसा त्याने विचारलं, "दादा, दोन एकरांत ऊस लावू की बाग धरू?"

उसाचं सरळ आहे. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला, 16 ते 18 महिने लागतात. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत बिल मिळायला हवं. ते लांबतं, तोडणीसाठी टोळीमागे फिरावं लागतं, पण भाव आधी माहीत असतो. 2019 च्या पुराने कृष्णाकाठचा ऊस कुजवला. तासगावच्या माळाला ती भीती नाही.

बागेत मांडव, तारा, ठिबक यांतच कर्ज होतं. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि मग सगळं आभाळाच्या हातात. एका वर्षी आमची बाग फुलोऱ्यात असताना सलग तीन दिवस पाऊस लागला. घड तळहातावर घेतला तर मणी आपोआप गळून पडत होते. शेजाऱ्याने छाटणी दहा दिवस उशिरा घेतली होती, त्याचा माल वाचला. राबलो दोघंही सारखेच. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

मात्र बाग साधली तर उसाच्या कितीतरी पट पैसा देते. द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. साधारण चार किलोंचा एक किलो होतो, सौदे तासगाव-सांगलीतच.

मी त्याला एकच एकर बाग धरायला सांगितलं. उरलेल्या एकरात ऊस, म्हणजे बँकेच्या हप्त्याला हातभार लागेल.