सुई न टोचता मिळालेलं पिवळं कार्ड : केनियाच्या ‘मेडिकल मिशन’मध्ये माझे १,२६,७०० रुपये गेले

आधी आकडाच सांगते, कारण सगळे मागून तोच विचारतात. माझे स्वतःचे १,१६,५०० रुपये गेले. शिवाय माझ्या शब्दावर दोन ज्युनियर सिस्टरांनी प्रत्येकी ५,१०० भरले होते, ते १०,२०० मी माझ्या पगारातून परत केले. त्या दोघींपुढे उभं राहून ते पैसे देताना जी लाज वाटली, ती पोलीस ठाण्यातही वाटली नाही.

मी मिरजेत बावीस वर्षं नर्स आहे. ‘एवढी शिकलेली बाई, फसली कशी?’ असं म्हणणाऱ्यांना सांगते, परदेशी पगाराच्या आमिषाला मी कधीच बळी पडले नसते. आखाती नोकरीच्या नावाखाली लुबाडलेल्या मुली मी जवळून बघितल्या आहेत. इथे पगाराचा विषयच नव्हता. केनियात किसुमूजवळच्या खेड्यांत चौदा दिवस मोफत तपासणी शिबिर, तेही स्वखर्चाने. खऱ्या मिशनच्या दौऱ्यांतही स्वयंसेवक बहुतेक वेळा आपला खर्च आपणच करतात. म्हणून पैसे मागितले तेव्हा मला काही खटकलं नाही.

आणि मिरजेच्या माणसाला मिशन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस परदेशातून इथे आले आणि १८९४ साली त्यांनी इस्पितळ उभं केलं. सांगलीच्या वाटेवरची वानलेसवाडी अजून त्यांचं नाव सांगते. माझ्या आजीचं ऑपरेशन मिशनच्याच दवाखान्यात झालं होतं. या शिबिराचं बोलावणं घेऊन आमच्या चर्चच्या प्रार्थनासभेत आलेला माणूस म्हणाला, “ताई, ते लोक आपल्या दारात आले होते. आता आपण कुणाच्या तरी दारात जायची पाळी आहे.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नेमकं ते पाणी बघून ठेवलं.

पहिले ५,१०० नोंदणीचे. मग तिकिटाचे ६२,०००. त्याने पीएनआर पाठवला, मी साइटवर टाकला, माझं नाव दिसलं, मी निर्धास्त झाले. पैसे न भरताही बुकिंग काही काळ धरून ठेवता येतं आणि त्यालाही पीएनआर मिळतो, हे मला पुढे कळलं. पीएनआरवर विसंबू नका, तेरा आकडी तिकीट नंबर मागा आणि तो थेट विमान कंपनीकडे तपासा. मग व्हिसाचे १८,५००. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच काढून टाकलाय. ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते आणि तिची फी साधारण तीस डॉलर आहे. मला मात्र त्याने व्हिसा स्टिकरची रंगीत पीडीएफ पाठवली होती. शेवटी औषधांच्या पेट्या कस्टममध्ये अडकल्या म्हणून विम्यासकट २७,४००.

पण रात्री झोप उडते ती मधल्या ३,५०० रुपयांमुळे. पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचे पैसे. आपल्याकडे ही लस सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते. केनियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, “तुम्हाला कुठे पुण्या-मुंबईला हेलपाटा? लसीचं पिवळं कार्ड घरपोच येईल.” आणि आलं. माझं नाव, तारीख, बॅच नंबर, शिक्का, सगळं होतं. फक्त माझ्या दंडावर सुई टोचलेली नव्हती. रोज बॅच नंबर वाचून इंजेक्शन देणारी मी, ते कार्ड हातात घेऊन उभी राहिले आणि नंतर पासपोर्टच्या कव्हरमध्ये सरकवलं. सलग नाईट ड्युटी होती, रजा मिळत नव्हती, हे खरं आहे. पण मनात कुठेतरी ‘हे खोटं आहे’ असं वाजलं होतं आणि ‘सेवेसाठीच आहे ना’ असं म्हणून मी ते दाबलं. तिथेच थांबले असते तर निदान २७,४०० तरी वाचले असते.

परदेशात रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती परवानगी लागते. त्याने माझ्या नर्स म्हणून असलेल्या नोंदणीची झेरॉक्स घेतली, कौन्सिलचा विषय एकदाही काढला नाही. नर्सेसनो, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी फोन बंद झाला. मी एकोणीस दिवस गप्प बसले, ही माझी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडवता येण्याची आशा असते. पण त्यानंतर जे झालं ते माझ्या चुकीने झालं नाही. ठाण्यात म्हणाले, सांगलीला सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला होता ना, मग तुमच्याच ठाण्यात जा. चार खेपा झाल्या. बँकेत साहेब मान वर न करता म्हणाले, “यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात.” एका हवालदाराने पावत्या बघितल्या. प्रत्येक पावतीवर ‘ऐच्छिक देणगी’ छापलेलं होतं, तिकिटाच्या पावतीवरसुद्धा. “बाई, देणगी दिलीत तुम्ही, यात गुन्हा कुठला?” बाकावर बसलेले सगळे ऐकत होते. तिकिटाच्या पैशाला कोणी देणगीची पावती देत असेल तर तिथूनच परत फिरा. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी तो कागद छापून नेला तेव्हा सव्विसाव्या दिवशी तक्रार घेतली.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांचं तर बोलणंच नको. “क्षमा करा, बाहेर वाच्यता नको, मंडळीचं नाव जाईल.” क्षमा माझी मी करीन, प्रार्थनेत. पण त्याला व्यासपीठावर कुणी उभं केलं, त्याची चौकशी कुणी केली होती, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

माझ्या पासपोर्टची आणि नोंदणीची झेरॉक्स अजून त्याच्याकडेच आहे. गेल्या आठवड्यात जतच्या एका सिस्टरचा फोन आला. त्यांना युगांडा सांगितलंय, नोंदणीची फी तीच, ५,१०० रुपये. तिकिटाचे पैसे त्यांनी अजून भरलेले नाहीत. मी म्हटलं, भरू नका, आणि चॅट पुसू नका. सोमवारी आम्ही दोघी मिळून ठाण्यात जाणार आहोत.