आयबीएसच्या पथ्यात प्रोटीन: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून काय टिकलं

आयबीएस म्हणजे वारंवार पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठता देणारा आतड्याचा त्रास. त्यासाठी आतड्यात नीट न शोषली जाणारी, गॅस करणारी कर्बोदकं (फॉडमॅप) टाळण्याचं पथ्य देतात. या लो-फॉडमॅप पथ्याचा कागद हातात पडला की नजर आधी कांदा-लसणावर जाते. खरा खड्डा पडतो तो दुसरीकडे. शाकाहारी मराठी घरात प्रोटीन येतं वरणातून, उसळीतून, पिठल्यातून, पोळीतून आणि दुधातून, आणि हे सगळं एकाच दिवशी ताटातून उठतं. मागे उरतात दुधी, भात आणि तांदळाची पेज. पोट शांत होतं खरं, पण वजन उतरायला लागतं आणि थकवा येतो. मग कुणीतरी पावडरचा डबा सुचवतं.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: डब्याशिवाय भागतं. डबा प्रवासात आणि पोट बिघडलेल्या दिवसांत कामाचा आहे, रोजचा आधार म्हणून तो महाग पडतो.

गरज किती? आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. बहुतेक प्रोटीन धान्य-डाळींतून येत असेल तर १ ग्रॅम धरायचं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

एक गोष्ट नीट समजली की निम्मी यादी पाठ करावी लागत नाही. फॉडमॅप ही सगळी कर्बोदकं आहेत. प्रोटीनमध्ये ती नसतात. अंडं, मासे, चिकन, मटण यांत ती जवळजवळ शून्य. अडचण आहे ती प्रोटीनसोबत जे येतं त्याची. डाळीसोबत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स येतात (पुढे नुसतं जीओएस म्हणू), दुधासोबत लॅक्टोज (दुधातली साखर), गव्हासोबत फ्रुक्टन. जीओएस तोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, त्यामुळे ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्याचा गॅस करतात. मात्र जीओएस आणि लॅक्टोज दोन्ही पाण्यात विरघळतात, प्रोटीन बरंचसं मागे राहतं. म्हणून ज्या पदार्थातलं पाणी काढून टाकलेलं असतं तो बहुधा चालतो, आणि ज्यात ते पाणी आतच राहतं तो त्रास देतो.

टोफूवर हे लख्ख दिसतं. अख्ख्या सोयाबीनपासून काढलेलं सोया दूध चालत नाही. तेच दूध फाडून, दाबून, पाणी निथळून केलेला घट्ट टोफू चालतो. आणि पाणी न निथळता जमवलेला मऊ, रेशमी टोफू पुन्हा चालत नाही. पाकिटावर कधी ‘सोया पनीर’ लिहिलेलं असतं, तेही घट्ट असेल तर हेच. १०० ग्रॅममागे १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. नेमका आकडा पाकिटावर बघायचा. मसाला लावलेला टोफू घ्यायचा नाही, त्यात लसूण पावडर असते.

चव हा टोफूचा कच्चा दुवा. पनीरसारखा थेट भाजीत टाकला तर कडधान्याचा कच्चट वास राहतो आणि आत काही मुरत नाही. आधी फडक्यात गुंडाळून वर खलबत्त्यासारखं वजन ठेवून १५-२० मिनिटं दाबायचा. मग फोडी करून मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, निथळून तव्यावर थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत. त्यानंतरच रश्शात. भुर्जी करायची असेल तर दाबणं पुरे, हाताने कुस्करायचा. उघडलेलं पाकीट पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, पाणी रोज बदलून, तीन-चार दिवसांत संपवायचं. शाकाहारी वस्तूंत टोफूला पहिला नंबर.

सोयाच्या वड्यांना मात्र नाही. कोरड्या वड्यांत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं म्हणून मोह होतो, पण त्या तेल काढलेल्या सोया पिठाच्या असतात आणि पिठातलं जीओएस तसंच राहिलेलं असतं. उकळून दोनदा पिळलं तर काही जातं, सगळं नाही. पहिल्या टप्प्यात, म्हणजे सगळे फॉडमॅप वर्ज्य असतात त्या आठवड्यांत, नकोतच.

डाळ पूर्ण सोडावी लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मोनाश विद्यापीठाने (मेलबर्नचं, हे पथ्य तिथूनच आलं) शिजवलेल्या मसुरीची साधारण पाव वाटी सोसणारी मानली आहे. त्यातून प्रोटीन जेमतेम ४ ग्रॅम मिळतं, पण ताटात वरण दिसतं, आणि पथ्य टिकायला तेवढं पुरतं. प्रश्न शिजवण्याचा. कुकरमध्ये मोजून पाणी घालून शिजवली की जीओएस पातेल्यातच राहतं. डाळ भातासारखी वेळायची. मसूर डाळ तासभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं. उघड्या पातेल्यात डाळीच्या सहा-सात पट पाणी उकळवून त्यात डाळ सोडायची, फेस काढायचा. १२-१५ मिनिटांत दाणा बोटाने चेपला जातो, पण फुटलेला नसतो. तेवढ्यात चाळणीवर ओतायची. आणखी पाच मिनिटं गेली तर डाळ विरघळते आणि पाण्याबरोबर तीही वाहून जाते. नंतर ताजं गरम पाणी घालून घोटायची आणि हिंग-जिऱ्याची फोडणी द्यायची.

आता कटाच्या आमटीचा विचार करा. पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीचं निथळलेलं पाणी म्हणजे कट. ज्याला आपण टाळतोय नेमकं तेच त्यात उतरलेलं असतं. सणाच्या दिवशी पुरण चमचाभर चाखलं तर एक वेळ निभावेल, आमटीच्या वाटीने मात्र संध्याकाळ जड जाते.

छोल्यांचंही तसंच. डबाबंद छोले त्यातलं पाणी फेकून, धुऊन घेतले तर पाव वाटी चालतात, कारण डब्यात पडून असताना जीओएस पाण्यात उतरलेलं असतं. परदेशात राहणाऱ्यांना हा मार्ग सोपा. इथे डबे महाग पडतात. घरी करायचे तर रात्रभर भिजवून ते पाणी टाका, नव्या भरपूर पाण्यात मऊ शिजवा, त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी निथळून धुवा. वाल, राजमा, मटकी यांच्या वाटेला पहिल्या टप्प्यात जाऊ नये.

दुधाकडे वळू. पनीर करताना लॅक्टोज पाण्याबरोबर जातं, म्हणून ४०-५० ग्रॅम पनीर बहुतेकांना सोसतं आणि ९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतं. जास्त खाल्लं की त्रास होतो तो अनेकदा लॅक्टोजमुळे नसून स्निग्धांशामुळे: १०० ग्रॅम पनीरमध्ये २० ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो, आणि आयबीएसच्या आतड्याला तुपकट जेवणाने लगेच कळ येते. दह्याबद्दल गैरसमज आहे. विरजणाने लॅक्टोजचा काही भागच संपतो, सगळा नाही. दही फडक्यात टांगून केलेला चक्का त्यापेक्षा बरा, पाणी गेलेलं असतं आणि प्रोटीन दुप्पट-तिप्पट दाट होतं. श्रीखंड करायचा विचार करू नका, तेवढी साखर वेगळा घोळ घालते.

लॅक्टोजमुक्त दूध आता मोठ्या शहरांत सहज मिळतं. त्यातलं लॅक्टोज काढलेलं नसतं, लॅक्टेज या एन्झाइमने आधीच तोडलेलं असतं, म्हणून ते साध्या दुधापेक्षा गोड लागतं; चहात साखर कमी घाला. प्रोटीन तेवढंच, २०० मिलीत साधारण ६ ग्रॅम. त्याचं दहीही लागतं.

अंड्याला तोड नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, किंमत सात-आठ रुपये, फॉडमॅप शून्य. वायूला गंधकाचा वास येतो म्हणून काही जण अंडी सोडतात. तो वास म्हणजे पोट बिघडल्याची खूण नव्हे. बटरमध्ये तळलेलं तीन अंड्यांचं ऑम्लेट मात्र वेगळी गोष्ट. मासे खाणाऱ्यांना सगळ्यात सोपं, १०० ग्रॅम बांगड्यात किंवा सुरमईत २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. तिथे घात करतं ते वाटण.

म्हणून दोन शब्द फोडणीचे. लसणातलं फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. ठेचलेल्या पाकळ्या तेलात तांबूस करा, झाऱ्याने पूर्ण काढा, आणि मगच टोमॅटो, पाणी किंवा मासा घाला. क्रम चुकला, पाकळ्या आत असताना रस्सा ओतला, की सगळं मुसळ केरात. असं तेल बाटलीत भरून बाहेर ठेवू नका, बॉट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) धोका असतो. लागेल तेवढंच करा. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात. कांदा-लसूण मसाला कपाटातच राहू द्या, गोडा मसाला बहुधा चालतो, पाकिटावर घटक वाचून. बांधणीच्या हिंगात मैदा असतो. चिमूटभराने सहसा बिघडत नाही, पण तांदळाच्या पिठातला मिळाला तर तोच घ्या.

शेंगदाण्यांना पथ्याच्या याद्यांत उगाच खालची जागा मिळते. २८ ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, चालतात आणि ७ ग्रॅम प्रोटीन देतात. उपवासाची दाण्याची आमटी या पथ्यासाठीच केल्यासारखी आहे: कांदा नाही, लसूण नाही, जिरं, मिरची, आमसूल. माणशी ३० ग्रॅमच्या वर कूट नको, स्निग्धांश त्यातही निम्मा असतो. काजू आणि पिस्ते मात्र वर्ज्य.

आता डबा. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज बऱ्यापैकी राहतं, आयसोलेटमध्ये अगदी थोडं. पुढे मोठ्या अक्षरात ‘आयसोलेट’ लिहिलेलं पुरेसं नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; त्यात पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं असेल तर ते मिश्रण आहे. ३० ग्रॅमच्या मापात २६-२७ ग्रॅम प्रोटीन आणि कर्बोदकं १ ग्रॅमच्या आसपास, असा हिशेब जुळला पाहिजे. त्यानंतर शोधायची नावं: इन्युलिन, चिकोरी, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (ही सगळी फ्रुक्टनचीच रूपं), आणि गोडीसाठी सॉर्बिटॉल (आयएनएस ४२०), मॅनिटॉल (४२१), माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७). यातलं एकही असेल तर डबा ठेवून द्या. ‘पचनास हलकं’ म्हणून जे घातलेलं असतं ते पुष्कळदा इन्युलिनच असतं, हा एक विनोदच. मटाराच्या प्रोटीनमध्ये जीओएस कितपत उरलं ते बनवण्याच्या पद्धतीवर ठरतं. वनस्पतिजन्य हवंच असेल तर तांदळाचं बरं.

पहिला आठवडा अर्धंच माप. २०० मिली पाणी आधी, पावडर नंतर, हलवून दहा मिनिटं ठेवायचं. फेस न बसता घटाघटा प्यायलं की हवा पोटात जाते आणि दोष पावडरला लागतो. उकळत्या पदार्थात टाकलं तर गुठळ्या होतात; नाचणीची आंबील कोमट झाल्यावर मिसळा. खर्च बघा: आयसोलेट किलोला तीन हजारांच्या वर, म्हणजे ग्रॅमभर प्रोटीनला साडेतीन रुपयांच्या पुढे. अंड्यात तेच सव्वा रुपयात, दाण्यांत रुपयाच्याही आत.

एन्झाइमच्या गोळ्यांबद्दल. जीओएससाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागतं. मोनाशच्याच संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात जीओएसला संवेदनशील रुग्णांना पूर्ण मात्रेने, ३०० युनिटने, फरक पडला, अर्ध्या मात्रेने नाही. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. औषधाच्या दुकानात ‘पाचक एन्झाइम’ म्हणून जे हाती देतात त्यात बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन किंवा पपेन असतं. डाळीच्या गॅसवर त्याचा उपयोग नाही. वर ‘शुगर-फ्री’ सिरप असेल तर त्यात सॉर्बिटॉल सापडतं.

डबा न उघडता एक दिवस असा बसतो: सकाळी १०० ग्रॅम टोफूची भुर्जी (१३ ग्रॅम). दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या (१०), वेळलेल्या मसुरीचं वरण (४), ५० ग्रॅम पनीर (९), भाजीत १५ ग्रॅम कूट (४). चार वाजता लॅक्टोजमुक्त दूध (६). रात्री भात (४) आणि ७५ ग्रॅम टोफू (१०). बेरीज ६०. एकेक पदार्थ चालतो म्हणून चार सीमेवरचे एकाच जेवणात कोंबायचे नाहीत, त्यांची बेरीज होते. मध्ये तीन-चार तास जाऊ द्या.

बद्धकोष्ठता हा हमखास दिसणारा दुष्परिणाम, आणि तो प्रोटीनच्या नावावर खपतो. खरं कारण पोळी-डाळ गेल्याने घटलेला चोथा. चमचाभर इसबगोल, भरपूर पाण्यात, आणि पपई किंवा पूर्ण पिकलेला पेरू.

गहू सोडण्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या. सोडल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. शौचात रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काही असेल तर हा आहाराचा विषय नाही, डॉक्टरांकडे जा.

पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच आहे. तो लांबवला की आतड्यातले उपयोगी बायफिडो जिवाणू घटतात. त्यानंतर वर्ज्य पदार्थ एकेक करून परत आणताना बहुतेक जण आधी कांदा तपासतात. आमच्या मते आधी लॅक्टोज आणि जीओएस तपासावं, प्रोटीन तिथे अडकलेलं आहे. बाकी पथ्य तसंच ठेवून मसूर पहिल्या दिवशी पाव वाटी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी पाऊण. मध्ये त्रास झाला तर थांबा, दोन-तीन दिवस पोट निवू द्या, मग पुढचा गट. अर्ध्या वाटीला पोट टिकलं तर इडली-डोसा आणि मुगाचं पातळ वरण याच क्रमाने आणा, तूर त्यानंतर, आणि वालाची उसळ सगळ्यात शेवटी, तीही सुट्टीच्या दिवशी.