शेअर घेण्यापूर्वीचा अभ्यास : ‘एडगर’ या सेवेचे परीक्षण

अवजड उद्योगातल्या मोठ्या कंपनीचा शेअर विकत घेणे हे काम आता मोबाइलवर दोन-चार मिनिटांत उरकते. वेळ जातो तो ती कंपनी समजून घेण्यात, आणि अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत त्यासाठी ‘एडगर’इतके भरवशाचे साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. अमेरिकेतील शेअर बाजाराचे नियामक, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, ही सेवा चालवते. तिला पैसे पडत नाहीत, नावनोंदणी लागत नाही आणि मुख्य म्हणजे तिथे कोणी ‘घ्या’ किंवा ‘विका’ असा सल्ला देत नाही.

कंपनीचे नाव टाकल्यावर कागदपत्रांची लांबलचक यादी समोर येते आणि नवखा वाचक तिथेच गांगरतो. १०-के हा वार्षिक अहवाल, १०-क्यू हा तिमाही अहवाल, ८-के ही मध्येच घडलेल्या महत्त्वाच्या घटनेची सूचना आणि फॉर्म ४ ही संचालकांनी व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेतल्या-विकल्याची नोंद, जी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते; एवढे चार प्रकार ओळखता आले तरी बरेचसे काम भागते. भागधारकांसाठी छापल्या जाणाऱ्या चकचकीत अहवालातली हसरी छायाचित्रे १०-केमध्ये सहसा नसतात, ही मला सोयच वाटते.

या सेवेचे मोल कळते ते जनरल इलेक्ट्रिकचे २०१६ ते २०१८ या काळातले अहवाल ओळीने वाचताना. ही कंपनी वीजनिर्मितीसाठी बनवते त्या गॅस टर्बाइनच्या धंद्यात मोठी कमाई यंत्राच्या विक्रीपेक्षा पुढे अनेक वर्षे चालणाऱ्या देखभालीच्या करारांतून होते. अशा करारावर एकूण किती खर्च येईल याचा कंपनी अंदाज बांधते आणि त्या आधारे नफा टप्प्याटप्प्याने हिशेबात धरते. हा अंदाज खाली आणला, की आधीच्या वर्षांचा फरकसुद्धा चालू नफ्यात जमा होतो, मात्र ग्राहकाचे पैसे हाती आलेले नसतात. नफा-तोटा पत्रकावरून हे लक्षात येत नाही. ते कळते लेखा-टिपांमधल्या, म्हणजे हिशेबपत्रकांना जोडलेल्या खुलाशांमधल्या, करारांपोटीच्या येण्यांच्या (अजून हाती न आलेल्या पैशांच्या) तक्त्यातून आणि रोख प्रवाह पत्रकातून, जिथे निव्वळ नफ्यातून ही वाढलेली येणी वजा केलेली असतात. नफा फुगतो आहे आणि येणीही त्याच वेगाने फुगत आहेत असे दिसले, तर वाचकाने तिथे थांबून मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

डिसेंबर २०२० मध्ये नियामकाने याच कंपनीवर २० कोटी डॉलरचा दंड बसवला. वीजनिर्मिती विभागाचा २०१६ मधील सुमारे एक चतुर्थांश आणि २०१७ च्या पहिल्या नऊ महिन्यांतील जवळजवळ निम्मा नफा खर्चाचे अंदाज कमी केल्याने आला होता आणि गुंतवणूकदारांना ते सांगितले गेले नाही, असे आदेशात म्हटले होते. कंपनीने आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. म्हणजे टिपा वाचूनही सगळे उलगडतेच असे नाही, पण संशयाला जागा कुठे आहे एवढे तरी त्यातून कळते. टर्बाइन आणि विमानांची इंजिने बनवणाऱ्या या कंपनीच्या पोटात दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचे जुने दायित्व दडले होते. त्यासाठी सात वर्षांत सुमारे १,५०० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल, असे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. ‘औद्योगिक कंपनी’ या पाटीवर विसंबून शेअर घेणाऱ्याने आतले सगळे विभाग तपासावेत, ते यासाठी.

सेवेत उणिवा आहेत. मजकुरातला शब्द शोधण्याची सोय २००१ पासूनच्या कागदपत्रांपुरती आहे. कंपनीने विभागांची फेरमांडणी केली, की जुने आणि नवे आकडे जुळत नाहीत आणि ती जुळवाजुळव वाचकालाच करावी लागते. जनरल इलेक्ट्रिकने २०२१ मध्ये आठ शेअरचा एक शेअर केला, त्यामुळे जुन्या अहवालातली प्रतिशेअर मिळकत जशीच्या तशी तुलनेला घेतली तर निष्कर्ष पार चुकतो. पुढे जानेवारी २०२३ मध्ये आरोग्य उपकरणांचा आणि एप्रिल २०२४ मध्ये ऊर्जेचा व्यवसाय वेगळा झाला. या दोन्ही कंपन्यांची कागदपत्रे स्वतंत्र नावांखाली शोधावी लागतात. सीमेन्ससारख्या, न्यूयॉर्कच्या बाजारातून २०१४ मध्ये बाहेर पडलेल्या कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल तर इथे मिळणारच नाही, तो तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष खरेदीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एवढ्या मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये उलाढाल भरपूर असते; तरीही निकाल जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत भाव वेडेवाकडे हलतात, म्हणून आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाकणे बरे. मे २०२४ पासून अमेरिकेत व्यवहाराची पूर्तता पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होते, तेव्हा ब्रोकरच्या खात्यात पैसे आधीच जमा असलेले चांगले.